चर्चच्या तळघरातला इंग्रजीचा वर्ग: शिकवणारे किंवा शिकणारे कोणी आहेत का इथे?

रानजाई

नमस्कार मंडळी,

पिट्सबर्गच्या दक्षिण अंगाला, ब्राउन्सव्हिल रोडच्या आसपास एका चर्चच्या तळघरात मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, फुकट. शिकवणारे सगळे हौशी: दोन निवृत्त शिक्षिका, एक माजी पोस्टमन, कॉलेजातली एक मुलगी आणि मी. चर्च जागा देतं, हीटर देतं, घडीची टेबलं देतं आणि कॉफीचं पिंप देतं. बाकी मार्करपासून झेरॉक्सपर्यंत आमचं आम्ही बघतो.

येणाऱ्यांत बहुसंख्य भूतानी नेपाळी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दक्षिण भूतानमधले हे नेपाळीभाषक, ल्होत्शाम्पा. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांना तिथून हुसकावलं. मग पूर्व नेपाळात झापा आणि मोरंग जिल्ह्यांतल्या छावण्यांत वीसेक वर्षं गेली. २००८ च्या सुमारास त्यांना तिसऱ्या देशांत पाठवायला सुरुवात झाली, एक लाखाहून जास्त माणसं गेली आणि त्यातली बहुतेक अमेरिकेत आली. पिट्सबर्ग, कोलंबस, अॅक्रन, हॅरिसबर्ग इथे मोठ्या वस्त्या आहेत. छावणीतल्या शाळांत इंग्रजी चांगलं शिकवायचे, त्यामुळे तरुण मुलं फाडफाड बोलतात. वर्गाला येतात ते त्यांचे आईबाप आणि आजीआजोबा. शेतकरी माणसं. बऱ्याच जणांनी नेपाळीतही अक्षर गिरवलेलं नाही.

आता माझी अडचण. या मंडळींना हिंदी सिनेमांच्या कृपेने हिंदी उत्तम कळतं. ज्यांना लिहितावाचता येतं त्यांची लिपी देवनागरी. मी फळ्यावर इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहिला की माना डोलतात, वह्या उघडतात. पण त्याच टेबलावर एक उझबेक बाई आहेत, आपल्या देशात रसायनशास्त्र शिकवायच्या. छपरं घालणारा ग्वाटेमालाचा एक पोरगा आहे. काँगोच्या एक बाई आहेत, त्यांना फ्रेंच आणि स्वाहिली येतं. मी दोन वाक्यं हिंदीत बोलले की हे तिघं फोन काढून बसतात. आमच्या समन्वयक बाई म्हणतात, वर्गात फक्त इंग्रजी. मला ते पटत नाही आणि पुरतं खोडताही येत नाही.

शिवाय एमएस्सी झालेली बाई आणि आयुष्यात पेन्सिल न धरलेली बाई यांना एकाच तासाला शिकवायचं काय? आमच्या एक आजी आहेत, सगळे त्यांना बोजू (नेपाळीत आजी) म्हणतात. नाव लिही म्हटलं की त्या आधी कागद तळहाताने सपाट करतात, मग मुसळ धरावं तशी पेन्सिल मुठीत धरतात. 'आर' या इंग्रजी अक्षराची तंगडी आधी काढतात, डोकं मागाहून. दाब इतका की खालच्या दोन पानांवर नाव उमटतं. एवढं होईस्तोवर उझबेक बाईंची पूर्ण कार्यपत्रिका सोडवून झालेली असते आणि त्या माझ्याकडे बघत बसतात.

आणि हजेरी. ती तर विचारूच नका. कुणाची गोदामातली पाळी बदलते, कुणाचं नातवंड आजारी पडतं, बर्फ पडला की ५१ नंबरची बस कधी येईल ते देव जाणे, आणि दसैंच्या, म्हणजे नेपाळी दसऱ्याच्या दिवसांत तर वर्गात मी आणि पोस्टमनकाकाच. मागच्या वेळचं आज पुढे न्यावं तर मागच्या वेळचे निम्मे आज नसतात.

कुणी असं काही केलंय का? अनुभव वाचायला आवडतील.

कोकणकडा

काम चांगलं करताय. पण स्पष्टच विचारतो, राग मानू नका. चर्चमध्ये फुकट वर्ग म्हणजे आज ना उद्या प्रार्थनेला बोलावणं आलंच ना? आपल्याकडे हा अनुभव काही नवा नाही.

रानजाई

राग कसला, नाव द्यायला गेले तेव्हा मीही हेच विचारलं होतं. आमच्या वर्गात प्रार्थना नाही, बायबल नाही. ईस्टरच्या जेवणाचं आमंत्रण असतं, ज्याला जायचं तो जातो. पण सगळीकडे असंच असतं असं म्हणणार नाही. काही चर्च बायबलच्या गोष्टींवरच इंग्रजी शिकवतात आणि जाहिरातीत तसं लिहितातही. आधी विचारून घेतलेलं बरं. भूतानी लोकांत ख्रिस्ती झालेले आहेत, नेपाळीत प्रार्थना चालणारी चर्चही आहेत. आणि आमचे एक बाजे (नेपाळीत आजोबा) कपाळाला टिळा लावून येतात, येशूच्या तसबिरीखालची खुर्ची धरतात आणि वर्ग सुरू होईपर्यंत माळ ओढतात. त्यांना आजवर कुणी हटकलेलं नाही.

खडूफळा

कोकणकडा, या वर्गांचं मूळच मिशनरी आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. फ्रँक लॉबाक हे अमेरिकन मिशनरी फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर, लानाओच्या मारानाओ मुसलमानांत राहत होते. १९३० च्या सुमारास त्यांनी तक्ते करून लोकांना वाचायला शिकवायला घेतलं. पुढे मंदी आली, शिक्षकांना द्यायला पैसे उरले नाहीत. तेव्हा जो शिकला त्याने आणखी एकाला शिकवायचं असा रिवाज पडला. तेच ते 'ईच वन टीच वन'. भारतातही त्यांच्या फेऱ्या झाल्या. मग न्यू यॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला रूथ कॉल्विन या बाईंनी आपल्याच गावात हजारो प्रौढ निरक्षर आहेत हे जनगणनेच्या बातमीत वाचलं आणि शेजारपाजारच्या, चर्चमधल्या बायकांना गोळा करून १९६२ मध्ये 'लिटरसी व्हॉलंटिअर्स' उभी केली. लॉबाकांची आणि बाईंची संस्था २००२ मध्ये एक झाली, तीच आजची 'प्रोलिटरसी'. बाई २०२४ मध्ये गेल्या, वयाच्या १०७ व्या वर्षी.

आणि मिशनरी म्हटल्यावर भुवया चढणाऱ्यांनी अहमदनगर आठवावं. सिंथिया फरार या अमेरिकन मिशनरी बाईंकडे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. ख्रिस्ती झाल्या नाहीत, शिकवू मात्र लागल्या.

(वर्गाबद्दल सविस्तर रात्री लिहितो.)

कोकणकडा

सावित्रीबाईंचं उदाहरण मान्य. पण त्या सावित्रीबाई होत्या. ज्याचं अडलंय त्याला समोरच्याला नाही म्हणणं जड जातं, एवढाच माझा मुद्दा.

खडूफळा

तो मुद्दा खराच आहे.

तिरपागडा

कौतुक आहे. पण त्याच शहरातल्या मराठी मंडळाच्या शाळेला शिक्षक मिळत नाहीत, आपली पोरं आजीशी मराठीत दोन वाक्यं बोलत नाहीत, आणि आपण जगाला इंग्रजी शिकवायला निघालो. चालू द्या.

मावळतवारा

तिरपागडा, तुमच्या प्रतिसादाची वाटच बघत होतो :)

आमच्या आईची गोष्ट सांगतो. सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी आली होती. मराठी शाळेतून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका, इंग्रजी पेपर रोज वाचणारी. पण दुकानातल्या मुलीने काही विचारलं की माझ्याकडे बघायची. बायकोने तिला जवळच्या चर्चच्या वर्गात नेऊन बसवलं. नाव घालताना त्यांनी पासपोर्ट, व्हिसा काही विचारलं नाही, नाव आणि फोन नंबर घेतला फक्त. आठवडाभर कुरकुर. 'मला काय एबीसीडी शिकवणार हे?' मग एक दिवस तिथल्या मेक्सिकन बाईकडून तमालेची कृती घेऊन आली. बायका एकमेकींना इंग्रजीत कृती सांगत होत्या आणि मास्तर नुसता मध्ये मध्ये क्रियापद पुरवत होता. आमच्या आईने तिथे पुरणपोळी सांगितली म्हणे. कट काढायचं कसं समजावलं असेल ते तीच जाणे.

सांगायचा मुद्दा, तिला इंग्रजी येत होतंच. चुकलं तरी हसणार नाहीत अशी माणसं समोर हवी होती, ती मिळाली. आम्ही घरी हसायचो.

चकली

छान धागा. वाखू (वाचनखूण) साठवली. मी एच फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर आहे, दिवसभर घरीच असते. मला असं शिकवायला जाता येईल का? की 'काम' धरतील?

दुपारचा चहा

चकली, पगार घ्यायचा नाही, आणि जे काम एरवीही स्वयंसेवकच करतात तेच करायचं, असं असेल तर एच फोरवर चालतं. जिथे दुसऱ्या कुणाला पगार देऊन नेमतात ती जागा तुम्ही फुकटात भरली तर मात्र गोची. गिफ्ट कार्डाच्या रूपाने मानधन वगैरेही नको. शंका असेल तर नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाला ईमेल टाका.

मुलं सांभाळायला जाणार असाल तर पेनसिल्व्हेनियात पोलिसांचा आणि बालसुरक्षेचा असे दोन दाखले काढावे लागतात. स्वयंसेवकांना त्याची फी नसते. पण गेली १० वर्षं सलग त्या राज्यात राहत नसाल तर बोटांचे ठसे देऊन एफबीआयचाही दाखला लागतो. मोठ्यांना शिकवायला एवढं लचांड नाही.

रानजाई

दुपारचा चहा, अगदी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. आमच्या हजेरीचं अर्धं कोडं तिथेच आहे. वरच्या मजल्यावरची पाळणाघराची खोली उघडी असली की वर्गात लेकुरवाळ्या बायका येतात, बंद असली की नाहीत. मुलं सांभाळायला माणूस मिळणं हे शिकवायला माणूस मिळण्यापेक्षा अवघड झालंय. पेनसिल्व्हेनियातलं कुणी हा धागा वाचत असेल तर इंग्रजी शिकवायला नका येऊ, पोरं धरायला या.

लेस्टरकर

आमच्याकडे इंग्लंडात याला ईसॉल म्हणतात, म्हणजे इतर भाषा बोलणाऱ्यांसाठी इंग्रजी. आमचाही चर्च हॉलच. समोर गुजराती सासवा, सोमाली मुली, अलीकडे हाँगकाँगचे लोक. इथे वातावरण जरा वेगळं, कारण परीक्षा मानगुटीवर. नवऱ्यामागे येणाऱ्या बायकोला आधी इंग्रजीची ए वन, म्हणजे सगळ्यात खालची पातळी, अडीच वर्षांनी मुदत वाढवताना ए टू, आणि कायम राहायचं तर बी वन. वर 'लाइफ इन द यूके'चा, म्हणजे देशाच्या माहितीचा पेपर: २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर यायला हवेत. पासष्टीच्या पुढे सूट. त्यामुळे बायका डॉक्टरकडे काय बोलायचं ते शिकायला येतात आणि आठव्या हेन्रीच्या बायका पाठ करत बसतात. सहा होत्या, विचारू नका.

हिंदीच्या प्रश्नावर आमचा नियम असा: आपापल्या भाषेत बोला, पण आपापसांत बोला. शिक्षकाने फळ्यासमोर उभं राहून कुठल्याच एका गटाची भाषा बोलायची नाही. मलाही गुजराती येतं, पण फळ्यापाशी मी ते विसरतो. जोड्या लावल्या की टेबलापाशी वाकून हवं ते बोलतो. सोमाली मुलींना त्याचं काही वाटत नाही, कारण त्याही तेव्हा आपसांत सोमालीत बोलत असतात.

उत्तररात्र

रानजाई, तुमच्या वर्गातल्या वयस्कर लोकांना नागरिकत्वासाठी इंग्रजीची परीक्षा द्यावीच लागते का, ते तपासलंत का? वय ५० आणि ग्रीन कार्डवर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, असं असेल तर इंग्रजीतून सूट आहे. नागरिकशास्त्राचे प्रश्न आपल्या भाषेत, दुभाषा घेऊन. निर्वासितांचं ग्रीन कार्ड तर अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या तारखेपासून धरतात. म्हणजे २०१० च्या आत आलेले सगळे पंचावन्नच्या पुढचे आता या सवलतीत बसतात.

बाकीच्यांना मात्र परीक्षा कडक झालीय. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवी यादी लागू आहे: १०० च्या जागी १२८ प्रश्न, त्यातले २० विचारणार, १२ बरोबर हवेत. आधी १० विचारायचे आणि ६ पुरायचे. ६५ च्या पुढचे आणि २० वर्षं झालेले असतील त्यांना फक्त २० प्रश्नांची छोटी यादी.

रानजाई

हो, ते आमच्या पोस्टमनकाकांनी सगळ्यांचे कागद बघून काढलंय. ते त्यातले तज्ज्ञ. कागद बघताना एक मजा कळली. वर्गातल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जानेवारी! छावणीत नोंद करताना तारीख माहीत नव्हती, साल अंदाजे सांगितलं, कारकुनाने १ जानेवारी ठोकली. आपल्याकडे मास्तर १ जून लावायचे तसंच. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा बाजे खूश झाले, म्हणाले तुमच्या देशातही कारकून आमच्यासारखेच.

तर बोजूंना इंग्रजीची परीक्षा नाही. तरी त्या येतात, थंडीत दोन शाली पांघरून येतात. मी विचारलं कशासाठी. दवाखान्यातून फोन येतो, घरी कुणी नसतं, ती बाई काहीतरी विचारते, मी 'येस येस' म्हणते आणि फोन ठेवून देते, आणि संध्याकाळी सून विचारते, तुम्ही अपॉइंटमेंट रद्द का केलीत?

आणि ज्यांचं नागरिकत्व राहिलंय त्यांची धास्ती वेगळी. २०२५ च्या मार्चपासून इथल्या काही भूतानी लोकांना धरून भूतानला पाठवलं, भूतानने त्यांना ठेवून घेतलं नाही, परत नेपाळच्या हद्दीकडे पिटाळलं. वर्गात यावर कुणी बोलत नाही. पण १२८ प्रश्नांच्या झेरॉक्स आम्ही काढल्या तेव्हा पुरल्या नाहीत.

शेवगा

माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून, काकांचा १ जून, आत्याचाही १ जून. केक एकच आणतो.

चकली

हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

खडूफळा

आता सविस्तर. मी मिनेसोटात बरीच वर्षं हेच केलं, तिथे सोमाली, हमोंग आणि कारेन लोक. सोमाली आणि हमोंग लोकांची लिपी इंग्रजीसारखीच, कारेनांची वेगळी, पण खरा फरक लिपीचा नसतोच. आयुष्यात कधी शाळेत बसलेला आणि कधीच न बसलेला, हा खरा फरक. तुमच्या उझबेक बाईंना आपण शिकतो कसं हे माहीत आहे. बोजूंना कागदावर डावीकडून उजवीकडे जायचं, वरच्या ओळीतून खाली यायचं, रिकाम्या रेघेवर उत्तर लिहायचं, हेही शिकायचंय. टिकमार्क हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. म्हणून देवनागरीचा त्यांना काडीचा उपयोग नाही, आणि ज्यांना उपयोग आहे त्यांना तो फार दिवस पुरत नाही. पहिले काही आठवडे लिहू द्या, वहीत, स्वतःच्या. फळ्यावर नको. देवनागरीत उच्चार लिहिला की डोळा तिथेच जातो, वरची इंग्रजी अक्षरं बघायचं माणूस विसरतो.

माणसं कमी असली तरी टेबलं दोन करा. न लिहिणाऱ्यांचं टेबल वेगळं, आणि तिथे तुमच्यातला सगळ्यात चिकाटीचा माणूस. सगळ्यात शिकलेला नव्हे. तिथे निम्मा वेळ तोंडी. वस्तू हातात द्या: औषधाची रिकामी बाटली, वीजबिल, दुकानाचं जाहिरातपत्रक. जाहिरातपत्रक तर सोनं. फोटो आहे, आकडा आहे, शब्द आहे, आणि दर आठवड्याला फुकट नवं.

हजेरीवर एकच उपाय मला सापडला. मागच्या वेळचं पुढे न्यायचं, हे खूळच सोडून द्यायचं. प्रत्येक वर्ग त्या दिवसापुरता पुरा. आज आलेल्या माणसाला घरी जाताना एक करता येण्यासारखी गोष्ट मिळाली पाहिजे: पत्ता सांगणं, तारीख पुढे ढकलणं, 'हळू बोला' म्हणणं. पुस्तकातला धडा ७ वगैरे विसरा. पुस्तक छापणाऱ्याला तुमची ५१ नंबरची बस माहीत नाही. आमच्या समन्वयकांना हे पटायला वेळ लागला, कारण धडा संपला की त्यांना वहीत खूण करायची असायची.

तिरपागडा

हा प्रतिसाद कामाचा आहे. आमच्या मराठी शाळेलाही लागू पडेल, तिथेही फुटबॉलच्या मोसमात निम्मी पोरं गायब.

लेस्टरकर

तिरपागडा म्हणजे तुम्ही मराठी शाळेत शिकवता? मग आधी एवढे का तणतणलात!

तिरपागडा

म्हणूनच तणतणलो.

रानजाई

खडूफळा, मनापासून आभार. टेबलं दोन केली. न लिहिणाऱ्यांच्या टेबलावर पोस्टमनकाका बसले. आयुष्यभर घरोघर पत्ते वाचलेला माणूस, पत्ता शिकवायला याहून चांगला कोण मिळणार? फळ्यावर हिंदी बंद केलं, लेस्टरकरांचा नियम लावला. उझबेक बाईंना एक टेबल अर्ध्या तासासाठी शिकवायला दिलं, आता त्या तासाआधी येऊन तयारी करतात.

फोनसाठी असं केलं: दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या, म्हणजे तोंड दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. एका खुर्चीत कॉलेजची मुलगी, दवाखान्यातली बाई म्हणून. दुसरीत बोजू. मुलगी म्हणाली, 'कॅन यू कम थर्सडे अॅट टू?' बोजू गप्प. मग हळूच, 'प्लीज स्लो.' मुलीने परत विचारलं. बोजूंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं, मी मान फिरवली. त्या म्हणाल्या, 'थर्सडे नो. माय सन वर्क. फ्रायडे यस.' वर्गाने टाळ्या वाजवल्या तर बोजू सगळ्यांवर डाफरल्या, माझा फोन चाललाय ना!

एक नवंच कळलं मात्र. ज्यांना 'वाचता येत नाही' म्हणून आम्ही न लिहिणाऱ्यांच्या टेबलावर बसवलं होतं, त्यातल्या दोघांना नेपाळी वाचता येतं. जवळचं दिसत नाही फक्त! चष्मा कधी केलाच नाही. आता दारापाशी स्वस्तातल्या वाचायच्या चष्म्यांचं एक खोकं ठेवलंय. आत येताना उचलायचा, जाताना टाकायचा.

चकली

रानजाई, मी पिट्सबर्गचीच. ग्रीनट्रीला राहते. पाळणाघरात यायला तयार आहे, ठसे वगैरे देते. येताना चष्मे आणू का? कुठल्या नंबरचे?

रानजाई

अगं ये की! व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. अडीच आणि तीनचे आण, दोनचे थोडे. एकच्या चष्म्याला तिथे कोणी हात लावत नाही, होकाराचं +१ फक्त इथे धाग्यावर चालतं.